नाताळचा फराळ आणि सोबत बेथलेहेमचे वाचन

नाताळच्या फराळातला निम्म्याहून जास्त वेळ थांबण्यात किंवा हाताने एकच काम करत बसण्यात जातो. करंजीचे पीठ मुरायला अर्धा तास लागतो, पेरूचा गर आटवताना पाऊण तास उलथने हातातून सुटत नाही आणि कुलकुल, म्हणजे तळायच्या छोट्या गोड वळ्या, वळायला बसले की दीड तास कुठे गेला ते कळत नाही. दुसरीकडे, आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळात, रोज बायबलमधला एक उतारा वाचायचा असे घरोघरी ठरते आणि दुसऱ्या आठवड्यात ते सुटते, कारण साफसफाई, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, गाण्यांची तालीम आणि खरेदी हे सगळे त्याच दिवसांत येते. यावर साधा उपाय म्हणजे वाचनाला वेगळा वेळ शोधायचा नाही. फराळातल्या थांबण्याच्या वेळातच ते बसवायचे, आणि उतारा त्या कामाच्या लांबीचा निवडायचा.

इथे चार पदार्थ आहेत आणि त्यांच्या सोबतीला चार वाचने. तिसरे सोडले तर वाचने एकाच गावाची आहेत, बेथलेहेमची; तिसरे त्या गावातल्या जन्माच्या आधीची गोष्ट सांगते. रूथ तिथे परकी म्हणून आली, तिच्या पणतूचा, म्हणजे दावीदाचा अभिषेक तिथेच झाला आणि लूकने सांगितलेला येशूचा जन्मही तिथलाच. लहानपणापासून नाटकात आणि गाण्यात बेथलेहेम ऐकलेले असते, पण त्या गावाला आधीची केवढी गोष्ट आहे हे सलग वाचल्यावरच उमगते.

आधी कॅलेंडर बघा

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीही येतो. तो २७ तारखेला आला तर नाताळपर्यंत पुरे चार आठवडे मिळतात. ३ डिसेंबरला आला तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडतो, म्हणजे हातात तीनच आठवडे राहतात. अशा वर्षी पेरूच्या वड्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शनिवारी करून टाका. चर्चच्या ज्या मंडळ्यांमध्ये आगमनकाळ पाळत नाहीत, त्यांनाही हा क्रम जसाच्या तसा चालतो.

पदार्थांचा क्रम टिकाऊपणावर ठरवला आहे. सर्वांत जास्त टिकणारा पेराड (पेरूच्या वड्या) आधी, मग कुलकुल, मग करंज्या आणि २४ तारखेला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले मऊ गोळे. हा क्रम उलटा करू नका. पहिल्या आठवड्यात केलेल्या करंज्या नाताळपर्यंत खवट व्हायला लागतात, आणि दोष तुपाचा नसून घाईचा असतो.

वाचणाऱ्याने पिठाला हात लावायचा नाही

एकाने वाचायचे, बाकीच्यांनी काम करायचे. वाचणाराच मध्येमध्ये पीठ मळायला उठला की ना धड वाचन होते ना धड पीठ. फोनवर वाचण्यापेक्षा छापील प्रत बरी. फोनची स्क्रीन दर दोन मिनिटांनी बंद होते आणि पिठाच्या हाताने ती उघडत नाही. घरातले जुने, लग्नात मिळालेले बायबल मात्र स्वयंपाकघरात आणू नका. तुपाचा डाग पानातून आरपार जातो आणि निघत नाही. रोजच्या वापरातली प्रत घ्या आणि ती ओट्यापासून दूर, स्टुलावर किंवा स्टँडवर ठेवा. एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर वाचलेले ऐकू येत नाही. ज्या वेळी वाचायचे त्या वेळी तो बंद राहील असे काम निवडा.

भाषांतर निवडताना घरात कोण ऐकणार आहे ते बघा. जुन्या वळणाचे पवित्र शास्त्र मोठ्यांच्या कानात बसलेले असते आणि त्यांना तेच हवे असते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातली निम्मी वाक्ये कळत नाहीत. लहान मुले असतील तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे सुबोध बायबल किंवा कोणतेही सोप्या मराठीतले भाषांतर घ्या. सोपी मराठी म्हणजे हलकी मराठी नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले, ते कमी शिकलेल्या बायकांनाही वाचता यावे म्हणूनच.

एक नियम कडकपणे पाळा: कढईत तेल तापले की वाचन थांबले. तळताना डोळे तेलावर आणि कान बुडबुड्यांच्या आवाजावर हवेत. तळणीच्या वेळी कोणी दाविदाची गोष्ट ऐकत उभे असेल तर करंज्याही जळतात आणि हातही.

पहिला आठवडा: पेराड, म्हणजे पेरूच्या वड्या, आणि रूथचे पुस्तक

गोव्यात याला पेराड म्हणतात, मुंबई-वसईकडे बरेच जण पेरूचे चीज म्हणतात. चीजचा त्यात लवलेशही नसतो. डिसेंबरात महाराष्ट्रात पेरू भरपूर आणि स्वस्त असतो, त्यामुळे हा पदार्थ याच दिवसांचा.

पिकलेले पेरू १ किलो, साखर साधारण ५०० ग्रॅम, दोन लिंबांचा रस, एक मोठा चमचा लोणी आणि चिमूटभर मीठ. एवढेच लागते.

पेरू वास सुटलेले, दाबल्यावर किंचित दबणारे हवेत, पण अगदी लिबलिबीत नकोत. दोन-तीन पेरू थोडे कच्चे असले तर उलट चांगले. फळाचा रस घट्ट धरून ठेवणारे पेक्टिन कच्च्या पेरूत जास्त असते, आणि वडी त्याच्याच बळावर पडते. फोडी करून अर्धा कप पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या काढा. थंड झाल्यावर पुरणाच्या चाळणीतून गर दाबून काढा. मिक्सरमध्ये फिरवायचा मोह आवरा, कारण बिया फुटल्या की गर कडवट आणि रवाळ होतो. बिया काढून साधारण ६५० ते ७०० ग्रॅम गर मिळतो. तो वजन करून घ्या आणि त्याच्या पाऊणपट साखर मोजा. डोळ्याच्या अंदाजाने घातलेली साखर हे वडी न पडण्याचे पहिले कारण आहे.

जाड बुडाच्या, उंच कडेच्या भांड्यात गर आणि साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. पसरट कढई घेऊ नका. गर घट्ट होऊ लागला की त्याचे मोठे बुडबुडे फुटून चटके देणारे शिंतोडे उडतात. लांब दांड्याचे लाकडी उलथने घ्या आणि मनगटापर्यंत फडके गुंडाळा. साखर विरघळली की लिंबाचा रस आणि मीठ घाला. लिंबू चवीसाठी आहेच, शिवाय त्याने साखरेचे खडे परत बनत नाहीत आणि पेक्टिन नीट धरते. लिंबू विसरले की आठवड्याभरात वडीच्या अंगावर साखर फुटून येते.

इथून पुढे पाऊण तास ढवळण्याचा आहे आणि इथेच रूथचे पुस्तक सुरू करायचे. चार छोटे अध्याय आहेत, एकूण ८५ वचने. सावकाश मोठ्याने वाचले तर वीस मिनिटांत संपते. प्रत्येक अध्याय संपला की ढवळणारा बदला, म्हणजे हातही दुखत नाहीत आणि गोष्टही योग्य जागी थांबते.

वाचताना पोरांना दाखवण्यासारखे बरेच आहे. गोष्ट दुष्काळाने सुरू होते. बेथलेहेममध्ये अन्न नाही म्हणून अलीमलेख बायकामुलांना घेऊन मवाबात जातो. त्याची विधवा नामी सून रूथला घेऊन परत येते तेव्हा जवाचा हंगाम नुकताच लागलेला असतो, आणि रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. कापणी झाल्यावर मागे पडलेली कणसे गरिबाने वेचायची, ही रीत आपल्या शेतकरी घरांतही कालपरवापर्यंत होती. दुसऱ्या अध्यायाच्या १४व्या वचनात शेताचा मालक बवाज तिला भाजलेले धान्य देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी बांधून नेते. इतके छोटे तपशील जपणारी गोष्ट भरभर वाचून संपवू नये. शेवटच्या अध्यायात रूथला ओबेद होतो, ओबेदाचा इशाय आणि इशायाचा दावीद. पुढच्या आठवड्याचे वाचन नेमके इथून उचलायचे आहे, हे तेव्हाच सांगून ठेवा.

गर भांड्याच्या कडा सोडून उलथन्याभोवती गोळा व्हायला लागला की लोणी घाला. पारख अशी करा: थेंबभर गर थंड बशीत टाका, दोन मिनिटांनी बोटांत वळा. न चिकटता मऊ गोळी झाली तर उतरवा. चिकटला तर आणखी पाच मिनिटे ठेवा. गोळी टणक झाली तर उशीर झाला आहे. लगेच दोन चमचे गरम पाणी घालून एकजीव करा. लोण्याचा हात फिरवलेल्या ताटात बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड थर पसरा, वाटीच्या बुडाने गुळगुळीत करा आणि रात्रभर उघडे ठेवून सकाळी कापा. गरम असताना कापले तर कडा ओढल्या जातात. बटर पेपरमध्ये एकेक वडी गुंडाळून डब्यात भरल्यास महिना-दीड महिना टिकते. समुद्राकाठच्या दमट हवेत फ्रीजमध्येच ठेवा.

दुसरा आठवडा: कुलकुल आणि धाकट्याची गोष्ट

हा मुलांचा आठवडा. कुलकुल वळायला लहान बोटेच हवीत. मोठ्यांच्या हातून ते जाड होतात.

मैदा ५०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा आणि नारळाचे घट्ट दूध १५० ते १८० मिलि. तूप कडकडीत गरम करून मैद्यावर ओता आणि गार झाल्यावर हाताने चोळा. मूठ दाबल्यावर मुटका झाला पाहिजे. मग साखर, मीठ आणि थोडे थोडे नारळाचे दूध घाला. सगळे दूध एकदम ओतू नका. पिठीसाखर दुधात विरघळून पीठ सैल करते, त्यामुळे १५० मिलिनंतर चमच्याचमच्याने जा. पुरीच्या पिठाइतके घट्ट भिजले की थांबा आणि झाकून वीस मिनिटे ठेवा.

साखर १०० ग्रॅमपेक्षा वाढवू नका. जास्त साखरेचे कुलकुल बाहेरून काळपट होतात आणि आत कच्चे राहतात. ज्यांना गोड हवे त्यांनी वरून पाक द्यावा.

सुपारीएवढ्या गोळ्या करून त्या तुपाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या नव्या कंगव्यावर दाबायच्या, पातळ पसरायच्या आणि एका टोकाकडून गुंडाळत न्यायच्या. शेवटची कड बोटाने घट्ट दाबायची. ती दाबली नाही तर तेलात पडताच कुलकुल उलगडून चपटी पट्टी होते. वळलेले कुलकुल ओल्या फडक्याखाली ठेवा, पण ढीग करू नका, कारण ते एकमेकांना चिकटतात.

वळण्याचे काम तास-दीड तासाचे असते. आधी पहिले शमुवेल, अध्याय १६, वचने १ ते १३ वाचा. चार मिनिटांचे वाचन, पण मुले पुन्हा वाचायला सांगतात. संदेष्टा शमुवेल नव्या राजाच्या अभिषेकासाठी शिंगात तेल भरून बेथलेहेमला येतो, इशायाचे सात मुलगे एकामागून एक त्याच्यासमोरून जातात आणि एकही निवडला जात नाही. धाकटा मेंढरांकडे आहे, त्याला कोणी बोलावलेलेच नाही. शमुवेल म्हणतो, तो आल्याशिवाय आपण जेवायला बसायचे नाही. घरातल्या धाकट्याला हे वचन वाचायला द्या. त्यानंतर मीखा, अध्याय ५, पहिली पाच वचने. यहूदाच्या हजारोंमध्ये लहान असलेल्या बेथलेहेमातून राज्य करणारा येईल, हे धाकट्याच्या गोष्टीला लागूनच आले की मुलांना आपोआप कळते. वेगळे समजावून सांगायची गरज पडत नाही.

उरलेल्या वेळात ओव्या म्हणा. जात्यावर बसलेल्या बायकांची ओवी हाताच्या गतीने चालते, आणि वळण्याच्या कामालाही तीच लय लागते. फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण सबंध ओवीबद्ध आहे. १६१६ साली गोव्यात राचोलला ते छापले गेले, भाषा मराठी आणि लिपी रोमन. आज देवनागरीतल्या प्रतीही आहेत. चारशे वर्षांपूर्वीची मराठी असल्यामुळे एका बैठकीत दहा-बारा ओव्यांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि घ्यायच्या त्या आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवा. मोठ्या गटात सर्वांसमोर अडखळलो की मुलांचा रस जातो.

आता पुस्तक मिटा आणि तेल तापवा. मध्यम आच, एका वेळी मूठभर. पिठाचा कण टाकला की तो दोन-तीन सेकंदांनी वर यावा. लगेच उसळून वर आला तर तेल जास्त तापले आहे. फिकट सोनेरी रंगावर काढा, कारण बाहेर आल्यावरही रंग चढतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पाक द्यायचा असेल तर एक कप साखरेला पाव कप पाणी, दोन तारी पाक करून गॅस बंद करा आणि गार कुलकुल त्यात घालून साखर पांढरी होऊन सुटी होईपर्यंत परता. एक तारीवर घातले तर कुलकुल ओलसर राहून मऊ पडतात.

तिसरा आठवडा: करंज्या आणि लूकचा पहिला अध्याय

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांत करंजीशिवाय नाताळ होत नाही. गोव्याची नेवरी हीच. फरक सारणात: ओल्या नारळाची नेवरी चवीला फार छान, पण दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. नाताळपर्यंत ठेवायची असेल तर सुके खोबरेच घ्या.

पारीसाठी मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, तुपाचे कडकडीत मोहन ३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि १०० ते १२५ मिलि दूध. सारणासाठी किसलेले सुके खोबरे १५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, खसखस २ मोठे चमचे, वेलचीपूड १ चहाचा चमचा, मूठभर चारोळी. २५ ते ३० करंज्या होतात.

पीठ घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. तेवढ्यात रवा दुधाने फुगून मऊ होतो. या अर्ध्या तासात लूकच्या पहिल्या अध्यायाचे ५ ते ५६ वचनांपर्यंत वाचन करा: जखऱ्या याजकाची वाचा जाणे, मरीयेला देवदूताकडून आलेला निरोप, तिने डोंगराळ प्रदेशात जखऱ्याची बायको अलीशिबा हिच्याकडे जाणे आणि तिचे गीत. उरलेला भाग, योहानाचा जन्म आणि जखऱ्याची वाचा परत येणे, करंज्या भरताना घ्या. अख्खा अध्याय ८० वचनांचा आहे आणि एका दमात वाचला तर ऐकणाऱ्यांचे लक्ष मरीयेच्या गीतापर्यंत टिकत नाही, म्हणून हे दोन भाग. हे गीत एखाद्या बाईने वाचले तर ते वेगळेच पोहोचते.

खोबरे, खसखस आणि रवा वेगवेगळे भाजा. तिन्हींना लागणारा वेळ वेगळा असतो. एकत्र भाजले तर खसखस करपेपर्यंत रवा कच्चाच राहतो. साखर सारण पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम सारणात साखर पाघळते, करंजी ओली होते आणि तळताना फुटते. साधी दाणेदार साखर वापरू नका, तिचे दाणे तेलात वितळून पारीला भोके पाडतात.

पुरीएवढी पातळ पारी लाटा, दीड चमचा सारण घाला, कडेला दुधाचे बोट फिरवा, घडी घालून दाबा आणि कातण्याने कापा. कडा मिटण्याआधी आतली हवा बोटाने बाहेर दाबून काढा. करंजी फुटण्याची कारणे तीनच: आत राहिलेली हवा, जास्त सारण आणि कडेला चिकटलेला खोबऱ्याचा कीस. करंजी हातात घेतल्यावर भुसभुशीत होऊन मोडत असेल तर मोहन जास्त झाले. कडक झाली तर मोहन कमी किंवा मोहन पुरेसे तापले नव्हते. तळायची मंद आचेवर, वर तेल उडवत, एकेका घाण्याला चार-पाच मिनिटे. मोठ्या आचेवर पारीवर फोड येतात आणि दोन दिवसांत ती मऊ पडते.

मरीयेच्या गीतात भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केल्याचे वचन आहे (लूक १:५३). पहिला घाणा गार झाला की त्यातला डबा आधी बाहेर जाऊ द्या: घरकाम करणाऱ्या ताईंना, वॉचमनकाकांना, मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींना. उरलेसुरले नाताळनंतर वाटण्यात आणि ताजे आधी पाठवण्यात फार फरक आहे. आणि हे मुलांच्या हातूनच पाठवा.

२४ डिसेंबर: फुगे आणि लूकचा दुसरा अध्याय

वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या मटणाशेजारी किंवा इंद्यालाशेजारी (विंदालूसारखा रस्सा) फुगे हवेतच. पूर्वी ते ताडीने फुगवत. आता शहरात खात्रीची ताजी ताडी मिळणे अवघड, म्हणून हे प्रमाण यीस्टचे.

मैदा ५०० ग्रॅम, ड्राय यीस्ट ७ ग्रॅम (दोन चहाचे चमचे), साखर २ मोठे चमचे, मीठ १ चहाचा चमचा, अंडी २, नारळाचे दूध २५० मिलि, तूप १ मोठा चमचा, लागल्यास ५० मिलिपर्यंत पाणी, आणि तळायला तेल.

नारळाचे दूध कोमट करा. बोट बुडवून आरामात दहा सेकंद ठेवता आले पाहिजे. चटका बसत असेल तर यीस्ट मरेल. त्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. वर फेस आला नाही तर पुढे जाऊ नका. यीस्ट जुने आहे, नवीन पाकीट आणा. मैदा वाया घालवण्यापेक्षा यीस्ट टाकून देणे स्वस्त.

फेसलेली अंडी, मीठ, तूप आणि मैदा घालून दहा मिनिटे हाताने फेटा. हे पीठ पोळीच्या कणकेसारखे नसते, भजीच्या पिठापेक्षा घट्ट आणि हाताला चिकटणारे असते. चिकटते म्हणून वरून मैदा घातला की फुगे दडस होतात. मोठ्या पातेल्यात झाकून उबेला ठेवा, आणि दुप्पट होईपर्यंत उचलू नका. मुंबई-वसईच्या हवेत दीड ते दोन तास पुरतात. नाशिक, नगर किंवा पुण्याच्या डिसेंबरातल्या गारठ्यात तीन तासही लागतात. तिथे बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून तिच्याशेजारी पातेले ठेवावे. घड्याळ न पाहता पिठाकडे पाहा: ओले बोट खुपसल्यावर खळगा हळूहळू भरत आला पाहिजे. खळगा तसाच राहून पीठ खाली बसले तर ते जास्त आंबले. असे फुगे आंबूस लागतात आणि तेल पितात.

पातेले झाकून ठेवले की मत्तय १३:३३ वाचा. एकाच वचनाचा दाखला आहे: एका बाईने खमीर घेऊन तीन मापे पिठात मिसळले, आणि सगळे पीठ फुगले. मग झाकण उघडायचे नाही असे सांगून लूक २, वचने १ ते २० वाचा. जनगणना, प्रवास, गव्हाणी, मेंढपाळ. गोठा मांडलेला असेल तर वाचन तिथेच घ्या आणि ज्या पात्राचे वचन आले ती मूर्ती मुलांनी तिथे ठेवावी. बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) ठेवायची ज्या घरांत रीत आहे, त्यांनी ७व्या वचनाशी जागा मोकळी सोडावी. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, इथे येत नाहीत. ते मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात आहेत आणि त्यांचा सण ६ जानेवारीचा.

तळणे हे हाताचे कसब आहे. डावा हात पाण्यात बुडवा, मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो ओल्या चमच्याने किंवा उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी उचलून तेलात सोडा. चमचा आणि बोटे दर वेळी पाण्यात बुडवा पण नीट झटका, नाहीतर तेल उडेल. तेल मध्यम तापलेले आणि खोल हवे. बरोबर आंबलेला फुगा बुडून लगेच वर येतो आणि थोड्या वेळाने आपणहून उलटतो. उलटत नसेल तर पीठ कमी फुगले आहे, आणखी अर्धा तास थांबा. गोळा लिंबापेक्षा मोठा केला तर आत चिकट राहतो. पहिला फुगा मोडून बघा आणि मगच बाकीचे सोडा.

मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचे असेल तर पीठ संध्याकाळी पाचला (गारठ्याच्या गावी त्याआधी) भिजवा आणि आठच्या आत तळून मोकळे व्हा. आल्यावर तळू म्हणून पीठ बाहेर ठेवले तर ते जास्त आंबते. ठेवायचेच असेल तर भिजवल्यावर अर्ध्या तासातच फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी तासभर बाहेर काढा आणि तळा.

गार झालेले फुगे मायक्रोवेव्हमध्ये रबरासारखे चिवट होतात. इडलीपात्रात चार मिनिटे वाफवा, ताज्याइतके मऊ होतात. पेराड आणि कुलकुल ६ जानेवारीपर्यंत सहज जातात, त्यामुळे त्यांतला एक डबा मागी लोकांच्या वाचनासाठी बाजूला काढून त्यावर तारीख लिहून ठेवा. नाहीतर तो २६ तारखेलाच रिकामा होतो.